आमवात आहे, कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, तरी हृदयाची गोळी का?

कराडची_शिक्षिका

नमस्कार मंडळी. मी प्राथमिक शाळेत शिकवते, वय ४६. आठ-नऊ वर्षांपासून आमवात आहे, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या दोन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड, शिवाय एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) रोज. पावसाळ्यात बोटं फार आखडतात, फळ्यावर लिहिताना खडू धरवत नाही, तेव्हा मेडिकलमधून पेनकिलर आणून घेते.

यावेळी पुण्याला तपासणीला गेले तर सांध्यांच्या डॉक्टरांनी बीपी मोजलं, लिपिड प्रोफाइल पाहिलं आणि एक स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी लिहून दिली. म्हणाले, "आमवात असला की हृदयाकडे जरा लवकर बघायचं." बाहेर रांग मोठी होती, पुढचं विचारायला वेळच मिळाला नाही.

घरी येऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना कागद दाखवले. त्यांचं म्हणणं, "एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ आहे, शुगर नाही, बीपी नाही, तंबाखू-सिगारेटचा प्रश्नच नाही. गोळी कशाला?" आता एक म्हणतात घ्या, दुसरे म्हणतात गरज नाही. दोघंही माझं भलंच बघतात, त्यामुळे गोंधळ जास्त.

माझा मोठा भाऊ ५१ व्या वर्षी अचानक गेला, हृदयविकाराने. त्याचंही कोलेस्टेरॉल फार वाढलेलं नव्हतं. त्यामुळे हा विषय डोक्यातून जात नाही.

माझा खरा प्रश्न असा की सांध्यांच्या सुजेचा आणि हृदयाच्या नळ्या कडक होण्याचा संबंध काय? लहानपणापासून ऐकलंय की तूप-तेल जास्त झालं की नळीत चरबी बसते. मग बोटांच्या पेरांमध्ये जे चाललंय ते छातीपर्यंत कसं पोहोचतं? गोळी घ्यायची की नाही हे मी डॉक्टरांनाच विचारीन. मला मुळात काय घडतं ते समजून घ्यायचंय. कुणी नीट उलगडून सांगेल का?

---

सह्याद्रीवारा

ताई, भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. आमच्या घरात वडिलांना आमवात होता. आम्ही हळदीचं दूध, लसूण, आळशी सगळं केलं. सूज कमी करणारं जे जे, ते हृदयालाही चांगलंच असणार असं वाटतं. गोळ्यांआधी सहा महिने ते करून बघा. जाणकारांनी सांगावं.

---

काचपट्टी

कराडच्या ताई, मी मिरजेत राहते. पॅथॉलॉजी शिकवण्यात माझं सगळं आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते. वेळ काढून वाचा.

आधी मी डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगते. शवविच्छेदनात महाधमनी लांबीला उघडून टेबलावर पसरतात. अपघातात गेलेल्या विशी-पंचविशीतल्या मुलांच्याही धमनीच्या आतल्या बाजूला पिवळे पट्टे दिसायचे, बोट फिरवलं तर जेमतेम उंचवटा लागेल एवढेच. (कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली, त्याचा अहवाल १९५३ मध्ये आला. सरासरी वय २२, आणि चारांत तिघांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाची खूण होती.) साठीतल्या माणसाची धमनी उघडताना कात्री कर्रकर्र वाजते. जागोजागी चुना साठलेला असतो. उंचवट्याला चीर दिली की आतून पिवळट, लापशीसारखा भाग बाहेर येतो.

हे पाहिलं की कुणालाही वाटेल, नळीत चरबी बसली आणि वर कीट चढलं. विद्यार्थ्यांनाही तसंच वाटायचं. मग मी त्यांना तोच तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावायची.

स्लाइड तयार करताना तुकडा अल्कोहोल आणि झायलीनमधून जातो. त्यात चरबी विरघळून निघून जाते. कोलेस्टेरॉलच्या जागी उरतात त्या रिकाम्या, सुईसारख्या लांबट फटी. चरबी नाहीशी झाल्यावर जे शिल्लक राहतं, ते बघण्यासारखं असतं. पोटात असंख्य पोकळ्या असलेल्या फुगीर, फेसाळ पेशी दाटीवाटीने बसलेल्या. या मॅक्रोफेज, म्हणजे रक्तातून आलेल्या भक्षक पेशी. आणि उंचवट्याच्या दोन्ही कडांना, ज्याला आम्ही प्लाकचे खांदे म्हणतो (प्लाक म्हणजे हा उंचवटा), तिथे गडद निळ्या केंद्राच्या बारीक गोल पेशींचा घोळका. या लिम्फोसाइट, त्यातल्या पुष्कळशा टी पेशी. नुसती चरबी साचली असती तर शरीराची ही फौज तिथे आलीच नसती. कुणीतरी बोलावल्याशिवाय ती येत नाही.

आता बोलावतं कोण, ते बघू.

धमनीला आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. एरवी ते गुळगुळीत, रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला चिकटत नाहीत. जिथे धमनीला फाटा फुटतो तिथे रक्ताचा प्रवाह सरळ न राहता घोटाळतो, आणि तिथलं अस्तर थोडं सैल पडतं. मानेतली धमनी दुभागते ती जागा बघा, किंवा हृदयाच्या डाव्या धमनीचा पहिला फाटा. प्लाक बहुतेक वेळा अशाच ठिकाणी धरतात. एलडीएलचे कण तिथून भिंतीत शिरतात, अडकतात आणि त्यांचं ऑक्सिडेशन होतं. अस्तराच्या पेशींना ही गडबड कळते. त्या पृष्ठभागावर व्हीकॅम-१ नावाचं चिकट प्रथिन उभं करतात आणि एमसीपी-१ नावाचा रासायनिक निरोप सोडतात. रक्तातून वाहत चाललेले मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) त्याला अडकतात, अस्तरातून आत सरकतात आणि भिंतीत गेल्यावर त्यांच्या मॅक्रोफेज होतात.

त्या मॅक्रोफेज बिघडलेलं एलडीएल खायला लागतात. आपल्या साध्या पेशी पुरेसं कोलेस्टेरॉल झालं की दार बंद करतात. टेक्सासमधल्या डॅलसच्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी हे दार, म्हणजे एलडीएल रिसेप्टर, शोधलं आणि १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. मॅक्रोफेजचं बिघडलेल्या एलडीएलसाठीचं दार वेगळं असतं, आणि ते असं बंद होत नाही. म्हणून त्या खात राहतात, फुगतात, फेसाळ होतात आणि शेवटी तिथेच मरतात. मेलेल्या पेशी उचलायला दुसऱ्या मॅक्रोफेज येतात. त्या कमी पडल्या की आतला लापशीसारखा गाभा वाढत जातो.

पुढचा टप्पा मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटतो. मॅक्रोफेजच्या पोटात कोलेस्टेरॉलचे बारीक स्फटिक तयार होतात. ते टोचू लागले की पेशीच्या आतली एनएलआरपी-३ नावाची यंत्रणा जुळून येते. ही धोक्याची सूचना देणारी यंत्रणा. स्फटिकांमुळे ती चालू होते हे २०१० मध्ये सिद्ध झालं. गाउटमध्ये यूरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात आग लावतात तेव्हाही हीच यंत्रणा कामाला लागते. तिच्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा हा सुजेचा निरोप देणारा रेणू बाहेर पडतो. त्याच्या निरोपावरून इंटरल्यूकिन-६ तयार होतं. ते रक्तातून यकृतापर्यंत जातं आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन बनवू लागतं. तुमच्या रिपोर्टवर दर वेळी जो सीआरपीचा आकडा असतो, तो या साखळीच्या शेवटच्या टोकाला तयार होतो.

टी पेशींचं काम आणखी वेगळं. प्लाकच्या वर कोलॅजनचं झाकण असतं, ते गुळगुळीत स्नायूंच्या पेशी विणतात. टी पेशी इंटरफेरॉन-गामा सोडतात आणि त्या विणणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. तोच निरोप मिळालेल्या मॅक्रोफेज आणखी चेकाळतात आणि कोलॅजन कुरतडणारी एंझाइम सोडतात. दोन्हीकडून झाकण पातळ होत जातं. एक दिवस ते फाटतं, बहुधा खांद्याशी, जिथे या पेशींची गर्दी असते तिथेच. आतला गाभा रक्ताला लागला की काही मिनिटांत गुठळी. तो हार्ट अटॅक.

म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायची की कात्रीला कर्रकर्र लागणारा चुना घाबरवणारा असला तरी ती जागा पुष्कळदा जुनी, निवलेली असते. जीव घेणारा प्लाक अनेकदा मऊ असतो, आतून धुमसणारा, ६५ मायक्रॉनपेक्षाही पातळ झाकणाचा. तो नळी अर्धीसुद्धा अडवत नसेल. अशा माणसाला आदल्या दिवसापर्यंत जिना चढताना काही झालेलं नसतं. भावाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचताना हेच मनात आलं. त्यांचं नेमकं काय झालं हे मी इथून सांगू शकत नाही, पण कोलेस्टेरॉल फार नसताना असं घडतं, आणि आपल्या लोकांत लवकर घडतं. ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, बाकीच्यांना ५९ च्या आसपास.

आता तुमची बोटं. आमवातात सांध्याच्या अस्तरात कोण असतं? मॅक्रोफेज आणि टी पेशी. कोणते निरोप सुटतात? टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६. सांध्यात तयार झालेले हे रेणू रक्तात उतरतात आणि अंगभर फिरतात. धमनीच्या अस्तरापर्यंत पोहोचले की तिथेही व्हीकॅम उभं राहतं, मोनोसाइट चिकटायला लागतात. ज्या भिंतीत एलडीएल थोडंच आहे, तिथेही पाहुणे जास्त येतात, आणि आधीपासून असलेला प्लाक लवकर बिघडतो. संबंध आहे तो हा. आमवात असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट धरतात. युरोपातल्या सांधेतज्ज्ञांच्या संघटनेचं मार्गदर्शनच आहे की नेहमीच्या तक्त्यावरून धोका काढा आणि त्याला दीडने गुणा.

धमनीच्या भिंतीत सूज असते हे जर्मनीच्या रुडॉल्फ विर्शोने १८५६ मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढे १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अनिच्कॉव्हने सशांना कोलेस्टेरॉल चारून धमन्यांत तसेच थर तयार करून दाखवले, आणि नंतर बराच काळ सगळ्यांचं लक्ष चरबीवर राहिलं. अनिच्कॉव्हचं खरंच होतं. पण त्याच्याही सशांच्या धमन्यांत फेसाळ पेशी होत्याच. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये योरान हानसन यांच्या गटाने १९८० च्या दशकात माणसांच्या प्लाकमध्ये टी पेशी दाखवल्या, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या रसेल रॉस यांनी हा सुजेचा रोग आहे असं ठामपणे मांडलं.

सह्याद्रीवारा, हळदीचं दूध प्या, त्याला माझी काही हरकत नाही. पण "गोळ्यांआधी सहा महिने" हा सल्ला कृपया कुणाला देऊ नका. आमवातात सुरुवातीला वाया गेलेले सहा महिने हाडांवर कायमचे उमटतात, हे मी एक्स-रेवर पाहिलेलं आहे. हळदीने हृदयविकार टळतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही.

---

सह्याद्रीवारा

पटलं मॅडम. वडिलांची बोटं शेवटी वाकडीच झाली होती. त्यावेळी आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. वरचा सल्ला मागे घेतो.

---

कराडची_शिक्षिका

मॅडम, दोनदा वाचलं. खांद्याची गोष्ट वाचताना भावाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. पण आता किमान काय झालं असेल ते कळतंय. मनापासून आभार.

दोन गोष्टी अजून अडतात. माझं एलडीएल ११८ म्हणजे नॉर्मल, मग आमवातात त्या आकड्याला काही वेगळा अर्थ आहे का? आणि मेथोट्रेक्सेट तर सूज उतरवतं. मी ते घेतेच आहे. तेच धमन्यांनाही पुरेसं का नाही? हृदयरोग्यांना सरसकट मेथोट्रेक्सेट का देत नाहीत?

---

काचपट्टी

दोन्ही प्रश्न नेमके आहेत. दुसऱ्यावर तर जगभर मोठे प्रयोग झालेत.

पहिला आधी. आमवात भडकलेला असताना एलडीएल खाली जातं. सुजेमुळे शरीर एलडीएल झपाट्याने वापरून टाकतं आणि रिपोर्टवर आकडा चांगला दिसतो. उपचाराने सूज उतरली की तोच आकडा वर येतो. टोसिलिझुमॅबसारखी इंटरल्यूकिन-६ अडवणारी इंजेक्शनं सुरू केल्यावर हे ठळक दिसतं. त्यामुळे सीआरपी चढलेला असताना आलेलं ११८ आणि सांधे शांत असताना आलेलं ११८ यांचं वजन एकसारखं नाही. तुमचा लिपिडचा कागद कोणत्या महिन्यातला आहे, तेव्हा सीआरपी किती होता, हे दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवा. मला वाटतं त्यांच्या मतांतलं निम्मं अंतर तिथेच मिटेल. भाऊ ५१ व्या वर्षी गेला हेही दोघांना माहीत आहे ना? सख्ख्या भावाला ५५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर त्याची नोंद धोक्याच्या हिशेबात वेगळी होते. लिपोप्रोटीन-ए ही रक्ततपासणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते, तिच्याबद्दलही विचारा. ते बहुतांशी आनुवंशिक असतं आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये वेगळं दिसत नाही.

आता दुसरा. सूज अडवली तर हृदयविकार कमी होतो का, हे आधी सिद्ध करायला हवं होतं. बोस्टनच्या पॉल रिडकर यांनी कॅन्टॉस नावाचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. झटका येऊन गेलेले आणि सीआरपी चढलेले १०,०६१ लोक. त्यांना कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिलं. ते फक्त इंटरल्यूकिन-१ बीटाला अडवतं. एलडीएलला ते हातही लावत नाही. १५० मिलिग्रॅमच्या गटात पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले. कोलेस्टेरॉल तसंच, तरी झटके कमी. विर्शोनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी मिळालेला हा पुरावा वाचताना मी खरोखर हरखून गेले होते.

त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी. त्या गटांत जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. इंजेक्शनची किंमतही सामान्य माणसाला न झेपणारी. म्हणून ते हृदयासाठी वापरात आलं नाही.

मग त्याच गटाने स्वस्त औषध घेतलं, तुमचंच, मेथोट्रेक्सेट. ४,७८६ हृदयरोगी, कमी मात्रा. २०१८ मध्ये निकाल आला. झटके कमी झाले नाहीत. आणि का, तेही त्याच प्रयोगात दिसलं. त्या लोकांमध्ये इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६, सीआरपी यांतलं काहीच खाली आलं नव्हतं. म्हणजे "सूज" हा एकच प्रकार नाही. धमनीतली साखळी स्फटिक, एनएलआरपी-३, इंटरल्यूकिन-१ अशी चालते, आणि तिथे मेथोट्रेक्सेटचा हात पोहोचला नाही.

तुमची गोष्ट त्या रोग्यांपेक्षा निराळी आहे. तुमच्या सांध्यांतून जे टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ रक्तात उतरतं, त्याचा उगमच मेथोट्रेक्सेट आवरतं. आमवाताच्या रोग्यांवर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासांत मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना हृदयविकार कमी झालेला दिसतो. तेव्हा ते अजिबात सोडू नका. पण भिंतीत आधीच अडकलेल्या एलडीएलला ते काढत नाही. त्यासाठी एलडीएलच खाली आणावं लागतं. स्टॅटिन ते करतं, आणि जाता जाता सीआरपीही थोडा उतरवतं. पुण्याच्या डॉक्टरांचा विचार याच दिशेचा असावा.

मेडिकलमधून आणलेली पेनकिलर मात्र मला टोचते. डायक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब यांच्यासारख्या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि झटक्याचाही धोका वाढतो. शिवाय मेथोट्रेक्सेटबरोबर मूत्रपिंडावर भार येतो. पावसाळ्यात दर वर्षी त्या लागत असतील तर याचा अर्थ तुमचा आमवात पुरता आटोक्यात नाही. पुण्याच्या डॉक्टरांना हे माहीतच नसेल तर ते मात्रा कशी बदलतील? पुढच्या खेपेला सगळ्यात आधी हे सांगा.

---

औषधवाला_कोल्हापूर

काचपट्टी मॅडमनी बरंच लिहिलंय. मी फार्मासिस्ट आहे, दुकानात बसून जे दिसतं त्यावरून थोडी भर घालतो.

कॅनाकिनुमॅब परवडत नाही म्हटल्यावर जगाचं लक्ष कॉल्चिसीनकडे गेलं. गाउटची जुनी गोळी, आपल्याकडे अर्ध्या मिलिग्रॅमची मिळते, किमतीला हलकी. ती पांढऱ्या पेशींची हालचाल मंद करते आणि एनएलआरपी-३ ची जुळणी अडवते. २०१९ मध्ये ४,७४५ रोग्यांवरच्या कोलकॉट प्रयोगात आणि २०२० मध्ये ५,५२२ रोग्यांवरच्या लोडोको-२ मध्ये तिने हृदयाच्या दुर्घटना कमी केल्या. अमेरिकेने २०२३ मध्ये हृदयासाठी तिला मंजुरीही दिली. नंतर २०२४ मध्ये क्लिअर-सिनर्जी या ७,०६२ लोकांच्या प्रयोगात झटक्यानंतर लगेच देऊन फायदा दिसला नाही. म्हणजे कुणाला द्यायची, कधी द्यायची, हा वाद अजून चालू आहे.

हे सगळं लिहिण्याचं कारण असं की बातम्या वाचून लोक दुकानात येऊन कॉल्चिसीन मागतात. माझी हात जोडून विनंती, असं करू नका. औषध म्हणून लागणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर साधी मात्राही अंगावर येते, माणसं दगावलेली आहेत. आणि एक इथलीच गोष्ट. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी सगळ्यांना माहीत आहे. तिच्या कंदात कॉल्चिसीनच असतं. "सांध्यांना चांगला" म्हणून कुणी तो कंद उगाळून दिला तर तोंडात घालू नका. उलट्या-जुलाबांनी सुरू होऊन काही दिवसांत अस्थिमज्जा आणि मूत्रपिंड बंद पडेपर्यंत मजल जाते.

ताई, तुमच्या आजारातली आणखी एक गोळी लोक नावानिशी मागतात, टोफॅसिटिनिब. इंजेक्शन नको, गोळी हवी म्हणून. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयाच्या धोक्याचं एखादं कारण असलेल्या आमवाताच्या ४,३६२ रोग्यांत तिची टीएनएफ अडवणाऱ्या इंजेक्शनांशी तुलना केली, तेव्हा झटके आणि कर्करोग गोळीच्या गटात जास्त आढळले. भाऊ लवकर गेल्याची नोंद तुमच्या फाइलवर असणं यासाठीही गरजेचं आहे.

---

कराडची_शिक्षिका

सगळ्यांचे आभार. लिपिडचा कागद काढून बघितला. तो ऑगस्टचा आहे, त्याच आठवड्यात सीआरपी २८ होता आणि बोटं सुजलेली होती. दोन्ही डॉक्टरांना दाखवते. भावाबद्दल पुण्यात मी कधी बोललेच नव्हते, आणि पेनकिलरबद्दलही नाही.

शेवटचं एक. भाचा म्हणतो हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी करून घे, त्यावरून हृदयाचा धोका कळतो. करू का?

---

काचपट्टी

तुमच्यासाठी त्याचा उपयोग नाही. ती तपासणी एकाखालचे, तीनवरचे असे बारीक आकडे मोजण्यासाठी आहे, आणि तुमच्या सांध्यांमुळेच आकडा २८ वर गेलाय. त्यातला धमनीचा वाटा किती ते कुणालाच वेगळा काढता येणार नाही. भाच्याला करायची असेल तर ताप, सर्दी, दाढेचं दुखणं असं काही नसताना करू दे, आणि दहाच्या वर आली तर दोन-तीन आठवड्यांनी परत.

त्या पैशांत तुम्ही फ्लूची लस घ्या. फ्लूमध्येही हेच सगळे निरोप एकदम उसळतात आणि धुमसणारा प्लाक फाटायला निमित्त मिळतं. झटका येऊन गेलेल्यांना लस दिल्यावर पुढचे मृत्यू कमी झाल्याचं २०२१ च्या एका मोठ्या प्रयोगात दिसलंय. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात चढतो, म्हणून शाळा उघडायच्या आधी, मे महिन्यात घेतलेली बरी. वर्गातल्या पोरांची सर्दी-खोकला सगळ्यात आधी तुम्हालाच गाठणार. लस घेतल्यावर मेथोट्रेक्सेटचे एक-दोन डोस थांबवायचे का, ते सांध्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. थांबवलं तर लसीचा परिणाम चांगला होतो, पण सांधे शांत असतील तरच ते थांबवतात. आणि लस इंजेक्शनचीच घ्या. नाकात मारायची जिवंत विषाणूची लस मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांसाठी नाही.